पाडव्याला बंद पडलेली मोटर

मुकुंदवाडीत रेल्वेरुळाच्या अलीकडच्या गल्लीत बद्रीनाथ शेजूळचं घर कुणालाही विचारलं तरी सापडायचं. वाळूजच्या एका कारखान्यात त्यानं उभी हयात मेंटेनन्स खात्यात काढली होती. रिटायर झाल्यावरही गल्लीतली माणसं त्याच्याकडं मिक्सर, कुलर, पाण्याच्या मोटरी, शिलाई मशिनी घेऊन येत. त्याची एक खोड होती. बिघडलेली वस्तू चालू झाली म्हणजे काम झालं असं त्याला वाटत नसे. ती का बिघडली हे कळेपर्यंत तो ती परत देत नसे. बायाबापड्या कंटाळून म्हणत, "भाऊ, चालू झालं ना, मंग द्या की आता." तो मान वर न करता म्हणे, "चालू तं झालं. पर बंद कामून पडलं व्हतं?"

त्याचा धाकटा भाऊ पुंजाराम मात्र गावीच राहिला. गाव नाथसागराच्या काठावर, पैठणच्या वरच्या अंगाला. धरण झालं तेव्हा शेजुळांची चांगली जमीन बुडितात गेली, आणि जी थोडी उरली ती फुगवट्याच्या पलीकडच्या बाजूला. पाणी उतरलेलं असलं की वळसा घालून बैलगाडीनं जाता येई. धरण भरलं की होडीशिवाय वाट नाही. बरीच वर्षं पुंजाराम वल्ही मारत गेला. मग खांदा दुखायला लागला, तेव्हा त्यानं कोकणातून आलेली एक जुनी मोटर मिळवली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवायची. आधी कुणीतरी ती समुद्रात वापरून झिजवलेली होती. पण पुंजारामला तिचं भारी कौतुक. "दादा, बिडी संपायच्या आत पल्याड जातो," असं तो फोनवर सांगायचा.

आणि दिवाळीच्या पाडव्याला पुंजाराम त्याच मोटरीसकट बुडाला.

त्या दिवशी दुपारनंतर आभाळ भरून आलं होतं. पलीकडच्या शेतात वेचलेला कापूस खोपीत गाठोडी बांधून पडला होता आणि खोपीवरचा पत्रा फुटका होता. कापूस भिजला तर काळा पडतो. सणाचा दिवस असूनही पुंजाराम एकटाच होडी घेऊन गेला, गाठोडी भरली आणि परत निघाला. निम्म्या पाण्यात आल्यावर वारं सुटलं. नाथसागराला वारं सुटलं की त्याला तळं म्हणवत नाही, लाटा फळीवर चढतात. लांब अंतरावर सांडू भोई जाळी ओढत होता. मोटरीचा चढलेला आवाज एकाएकी चिरकला आणि थांबला, एवढं त्यानं ऐकलं. मग त्याला धूर दिसला, की वाफ होती ते त्याला सांगता आलं नाही. पुंजाराम होडीत उभा राहून डबड्यानं मोटरीवर पाणी मारत होता. मोटर बंद पडल्यामुळं होडी आडवी फिरली होती. आडव्या होडीवर लाट आली आणि गाठोड्यांचं वजन एका अंगाला सरकलं. सांडू पोहोचला तेव्हा पाण्यावर कापसाची गाठोडी तरंगत होती.

दोन दिवसांनी पुंजाराम सापडला. इतका वेळ पाण्यात राहिलेल्या देहाकडं बघून डॉक्टरांनी बुडून मृत्यू एवढंच सांगितलं. होडी आणि मोटर सांडूनं दोर लावून काठाला ओढून आणली होती.

दहाव्याला पाण्याकाठी पिंड ठेवले, कावळा लवकर शिवेना, माणसं दगडांवर उन्हात बसून राहिली. तिथं भावकीतला राजकुमार हळूच शेजारच्याला म्हणाला, "पुन्ना सुरू केली व्हती म्हणतेत." त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, बसल्या बसल्या माणसं बोलतात तसा तो बोलला. पण बद्रीनाथनं ऐकलं. आणि बायकांच्या घोळक्यात बसलेल्या पुंजारामच्या बायकोनं, दीपमालानंही ऐकलं, हे त्यानं तिच्या मानेवरून ओळखलं. मान खाली होती ती आणखी खाली गेली.

पुंजाराम एके काळी प्यायचा. थोडीथोडकी नाही, चांगली हातभट्टीपासून मिळेल ती. बद्रीनाथनं त्याला एकदा पैठणच्या स्टँडवरून अंगावर घेऊन आणलं होतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा दारू सुटली आणि सुटली ती सुटलीच. लेक जालन्याला नांदायला गेली, तिला मूल झालं, पुंजारामनं पुन्हा थेंब घेतला नाही. निदान सगळे तसं धरून चालले होते.

तेरावं उरकल्यावर बद्रीनाथ शहराकडं निघाला. दीपमाला ओसरीच्या खांबाआड उभी होती. तो थोरला दीर. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी समोरासमोर चार वाक्यं बोलली नसेल. चहा द्यायचा तोही पोरीच्या हातून. त्या दिवशी तीच पुढं आली.

"दादा, ते यंत्र तुमी घिऊन जा."

"विकून टाकू म्हनतीस का?"

"विकू नका. उघडून पाहा. तुमाला यंत्रातलं कळतं." डोईवरचा पदर तिनं नीट केला. "ते यंत्रानं गेले का आपल्या कर्मानं गेले, येवढं मला सांगा. लोकं काय बी बोलू लागले."

बद्रीनाथ हो म्हणाला. खरं तर त्यालाही तेच पाहिजे होतं.

टेम्पोतून मोटर मुकुंदवाडीला आली. बद्रीनाथच्या बायकोला, आवडाबाईला, ती दारात नको होती. "मेल्या मानसाचा काळ तुमी घरात आनला," ती म्हणाली. पण नवऱ्याचं तोंड बघून तिनंच अंगणातली तुळस एका कडेला सरकवली. बद्रीनाथनं दोन लाकडी ओंडके उभे केले, त्यांना आडवी फळी ठोकली आणि मोटर फळीला लटकवली. अंगणात कुणी पाहुणा पाठमोरा उभा असावा तशी ती दिसायची.

पहिला दिवस तर नुसता बोल्ट काढण्यात गेला. खाऱ्या पाण्यानं बोल्ट गंजून एकजीव झालेले. रॉकेल सोडायचं, वाट बघायची, हलक्या हातानं फिरवायचं. दोन तुटलेच. वरचं झाकण निघाल्यावर त्यानं चाक हातानं फिरवून पाहिलं, ते जागचं हललं नाही. ऑइल सोडून, तापवून, ठोकून अखेर हेड उघडलं. आत पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, जणू मांजरीनं नखं ओढलेली. याचा अर्थ त्याला लगेच कळला. मोटर बुडाल्यामुळं बंद पडली नव्हती. आधी तापली, तापून जाम झाली, मग होडी उलटली.

म्हणजे सांडू बोलला ते खरं होतं. प्रश्न उरला, तापली का?

अशा मोटरीला रेडिएटर नसतो. ती ज्या पाण्यात चालते तेच पाणी आत ओढून स्वतःला गार ठेवते. खाली होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या अंगाला जाळी असते, जाळीतून पाणी पंपात येतं, पंपातला रबरी पंखा ते नळीनं वर ढकलतो, पाणी इंजिनाभोवती फिरतं आणि मागून बारीक धारेनं बाहेर पडतं. धार पडते तोवर मोटरीचं बरं चाललंय असं समजायचं. या वाटेत कुठंतरी अडलं की इंजिन तापतं. बद्रीनाथला ही वाट समजायला अवघड गेलं नाही. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं.

त्यानं खालून सुरुवात केली. जाळीत शेवाळ होतं, थोडा गाळ होता, पण तो नंतर काठावर ओढताना शिरलेला असणार. जाळी बुजलेली नव्हती. मग पंप उघडला. असल्या जुन्या मोटरीत शंभरातल्या नव्वद वेळा दुखणं पंपातल्या रबरी पंख्याचं असतं. रबर कडक होतं, पाकळ्या झडतात, पाणी वर चढत नाही. पंख्याच्या पाकळ्या झडलेल्याच निघणार याची बद्रीनाथला इतकी खात्री होती की झाकण काढताना त्याच्या मनात दीपमालाला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा तयार झालं होतं.

पंखा नवा होता. सहाच्या सहा पाकळ्या शाबूत, रबर अजून काळंकुळकुळीत.

तेव्हा त्याला आठवलं. श्रावणात पुंजारामचा फोन आला होता. मोटर तापते म्हणून त्यानं मोबाइलवर बघून स्वतःच पंखा बदलला होता. "दादा, आता धार लई जोरात पडू लागली. तुझाच भाऊ हाय मी," असं म्हणून हसला होता. बद्रीनाथ तेव्हा कुणाच्या तरी कुलरमध्ये हात घालून बसलेला. त्यानं नुसतं हूं केलं होतं.

त्यानं पंप जागच्या जागी ठेवला आणि हात धुतले. त्या रात्री तो जेवला, पण काय जेवला हे त्याला सांगता आलं नसतं.

मग थर्मोस्टॅट. इंजिन गरम झालं की ही पितळी चकती उघडून पाण्याला वाट देते; ती अडकली तरी मोटर तापते. त्यानं आवडाबाईकडून एक जुनं पातेलं मागून घेतलं, चकती दोऱ्यानं पाण्यात सोडली आणि गॅस लावला. दोघं नवराबायको पातेल्यावर वाकून बघत बसली. पाण्याला वाफा आल्या आणि चकती हळूहळू उघडली, गार पाण्यात घातली तशी मिटली. तिच्यात काडीचा दोष नव्हता.

"चांगली हाय की," आवडाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडं बघून तिनं गॅस बंद केला.

हीच गोष्ट बद्रीनाथला आतून पोखरायला लागली होती. आयुष्यभर एखादा भाग चांगला निघाला की त्याला बरं वाटायचं, चला, एक शंका मिटली. आता उलटं झालं होतं. जो भाग चांगला निघे तो मोटरीवरचा आळ काढून पुंजारामच्या अंगावर टाके. जाळी चांगली. पंखा चांगला. थर्मोस्टॅट चांगला. मग पेट्रोलमध्ये ऑइल घालायला कोण विसरलं? गाठोडी बेतानं न भरता होडी वरपर्यंत कोणी भरली? तापलेली मोटर तशीच कोणी ताणली? टाकीत उरलेल्या पेट्रोलमध्ये धरणाचं पाणी शिरलं होतं, त्यामुळं ऑइलचा अंदाज लागायला मार्ग नव्हता. पण सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवलं तर तेलकटपणा होता. तेही ठीकच निघालं.

शेवटी पाण्याची वाट तपासायची राहिली. पूर्वीच्या मिठाचा पांढरा थर आत धरला होता, तो त्यानं ॲसिडनं धुऊन काढला. मग खालचा भाग सोडवलेलाच होता, तिथून वर जाणाऱ्या नळीला त्यानं रबरी पाइप लावला आणि गच्चीवरच्या ड्रममधून पाणी सोडलं. गल्लीत नळाला आठवड्यानं कधीतरी पाणी येतं, आणि ते येतं त्याच धरणातून. आवडाबाईनं साठवलेलं पाणी असं अंगणात वाहून जाताना पाहिलं आणि ती आत निघून गेली. पाणी नळीतून वर चढलं, इंजिनाभोवती फिरलं आणि मागून संथ, सरळ धारेनं बाहेर पडलं. वाट मोकळी होती.

बद्रीनाथ धारेकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं पाणी बंद केलं, औजारं पोत्यात गुंडाळली आणि मोटरीवर एक जुनी चादर टाकली.

त्यानंतर तो बरेच दिवस अंगणात फिरकला नाही. दीपमालाचा फोन यायचा, तो उचलायचा नाही. आवडाबाई सांगायची, "अजून पाहू लागलेत." गल्लीतल्या एकीनं मिक्सर आणून ठेवला तो तसाच पडून राहिला. तो ओट्यावर बसायचा आणि पुंजारामचे जुने दिवस त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसत. पैठणच्या स्टँडवर भावाला अंगावर घेतलं तेव्हा त्याच्या सदऱ्याला येणारा वास. शुद्धीवर आल्यावर केलेल्या आणाभाका. राजकुमार दहाव्याला बोलला तेव्हा बद्रीनाथला त्याचा राग आला होता. आता तोही नाहीसा झाला. राजकुमारचंच खरं असणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि ते घेतल्यापासून त्याला भावासाठी रडूही येईना.

एकदा तो सांडूला भेटायला गावी गेला. घरी न जाता थेट पाण्यावर गेला. सांडू जाळं विणत बसला होता.

"सांडू, खरं सांग. तो उभा व्हता तव्हा डुलत व्हता का?"

सांडूनं सुई थांबवली. "होडी डुलत व्हती, बद्रीभाऊ. तिच्यातला मानूस डुलतो का होडी डुलती, हे लांबून कसं कळंल?"

"आवाज दिला का त्यानं?"

"वारं माझ्याकडून त्याच्याकडं व्हतं. दिला आसंल तरी मला नाय आला."

निघता निघता बद्रीनाथनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मोटर बंद पडायच्या आधी कशी चालली होती. सांडू म्हणाला, "पार चढवली व्हती. वाऱ्यात कापूस भिजंल मनून पळवू लागला आसंल. येरवी तो सावकाश जायचा. बिडी पित."

ही एवढीच गोष्ट घेऊन बद्रीनाथ परत आला. बसमध्ये तीच त्याच्या डोक्यात फिरत राहिली. पंखा बदलल्यापासून अडीच-तीन महिने मोटर नीट चालली, कारण पुंजाराम सावकाश जायचा. पाडव्याला त्यानं पहिल्यांदा ती पूर्ण जोरात चालवली आणि ती तापली. जोर आणि पाणी यांचा संबंध काय?

बिडकीन गाव मागं पडलं तेव्हा त्याला जुन्या पंख्याची आठवण झाली. त्यानं बसमधूनच दीपमालाला फोन लावला.

"पुंजारामनं मोटरीतला जुना रबरी पंखा काढला व्हता. फेकला का?"

"ते काय फेकत नव्हते, दादा. खिळ्याच्या डब्यात आसंल."

दुसऱ्या दिवशी तिनं तो पैठणहून येणाऱ्या दूधवाल्याच्या हाती पाठवून दिला. बद्रीनाथनं तो तळहातावर घेतला. रबर वाळून कडक झालेलं, आणि सहापैकी दोन पाकळ्या बुडापासून तुटलेल्या. पुंजारामनं तुटका पंखा काढून नवा बसवला होता, बरोब्बर बसवला होता. पण तुटलेल्या दोन पाकळ्या गेल्या कुठं, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. मोबाइलवर दाखवणाऱ्यानं ते सांगितलं नसेल. पंपात त्या नव्हत्या. म्हणजे पाण्यानं त्यांना वर नेलं होतं.

बद्रीनाथनं चादर ओढून काढली. ड्रमच्या पाण्याला जोर नव्हता, म्हणून यावेळी त्यानं नळाचं पाणी गच्चीवर चढवायची छोटी मोटर नळीला लावली. पाणी वर गेलं, मागून धार जोरात उडाली, आणि चार श्वास घ्यावेत तेवढ्यात ती बारीक झाली, थेंबांवर आली आणि थांबली. त्यानं जोर कमी केला तशी धार पुन्हा संथ सुरू झाली. जोर वाढवला, पुन्हा बंद. असं त्यानं कितीदा केलं कुणास ठाऊक. आवडाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

नळी इंजिनात शिरते तिथं एक वळण असतं. ते त्यानं उघडलं. वळणाच्या खोबणीत नखाएवढा काळा रबराचा तुकडा पडला होता. पाणी हळू असलं की तो कडेला पडून राही, पाण्याला जोर आला की उचलला जाऊन तोंडावर बसे. दुसरा तुकडा त्याला कुठं सापडला नाही, सगळं इंजिन सोडवूनही नाही.

त्यानं तुकडा जुन्या पंख्याला लावून पाहिला. तुटलेली कड तुटलेल्या कडेला बसली. मग तो अंगणात खाली बसला आणि पुंजाराम गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवशी तो गावी गेला. दीपमाला एकटीच होती. त्यानं तिला ओसरीवर बसायला सांगितलं, पंखा आणि तुकडा समोर ठेवला आणि सगळं समजावलं. पाणी कसं आत येतं, तुकडा कुठं अडकला होता, सावकाश चालवताना काही होत नव्हतं आणि त्या दिवशी वाऱ्यात का झालं. ती मन लावून ऐकत होती.

"म्हंजे यंत्रच खराब व्हतं," ती म्हणाली.

"व्हय. कोनाची चूक नाय त्यात. पंखा त्यानं बरोबर बसवला व्हता. हे ध्यानात येनं माझ्यासारख्याला बी अवघड."

"आन् ते पेलेले नव्हते."

बद्रीनाथ जन्मभर मोजल्याशिवाय बोलला नव्हता. रबराच्या तुकड्यावरून मोटर का बंद पडली ते सांगता येत होतं. होडीत बसलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते नाही. शुद्धीतल्या माणसाचीही मोटर त्या दिवशी बंदच पडली असती. पण शुद्धीतला माणूस कदाचित उभा राहिला नसता. त्यानं खाली बसून वल्हं घेतलं असतं, होडीचं तोंड लाटेकडं केलं असतं. किंवा नसतंही.

"नव्हता पेलेला," तो म्हणाला.

"कशावरून, दादा?"

"या तुकड्यावरून."

दीपमालानं तुकडा उचलला नाही. ती अंगणाकडं बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी बोलली.

"पाडव्याला सकाळी मी त्यांना ववाळलं. कुंकू लावाया मी खाली वाकले. तव्हा वास आला मला."

बद्रीनाथनं समोर ठेवलेला पंखा थोडा बाजूला सारला.

"सन व्हता. घरात पाव्हने व्हते. म्हनलं, रातच्याला इचारीन." तिनं पदराच्या टोकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "कोनाला सांगितलं नाय मी. लेकीला बी नाय. मला वाटलं, तुमी यंत्र उघडून सांगतान का समदं यंत्रानंच झालं. मंग तो वास मी इसरून जाईन."

"यंत्रानंच झालं, दीपमाला."

"व्हय," ती म्हणाली. "चहा ठिवते."

चहा तिनं यावेळी स्वतःच्या हातानं आणून दिला. तुकडा आणि पंखा बद्रीनाथनं खिशात घातला, कारण तिथं ठेवून जाणं त्याला बरं वाटलं नाही.

पलीकडचा उरलेला कापूस सांडूनं आपल्या होडीतून माणसं नेऊन वेचून आणला. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा शेत कसायला द्यायची बोलणी झाली, पण पावसाळ्यात पाणी ओलांडायला कुणी तयार होईना. दीपमाला गावच्या शाळेत खिचडी शिजवायला जाऊ लागली. लेकीनं जालन्याला ये म्हटलं, ती गेली नाही.

बद्रीनाथनं पिस्टनला नवीन रिंगा टाकल्या, ओरखडे घासून काढले, मोटर जोडली. ती चालली. ड्रममध्ये बुडवून पूर्ण जोरात चालवली तरी हाताला नुसती कोमट लागायची. मासेमारी करणारं एक गिऱ्हाईक पैठणहून बघायला आलं. त्याला मोटर आवडली. व्यवहार जवळपास ठरला, तेव्हा बद्रीनाथनं त्याला सांगितलं की हिच्यात रबराचा एक तुकडा अजून असू शकतो, मला तो सापडलेला नाही. गिऱ्हाइकानं विचारलं, मग आधी काय झालं होतं? बद्रीनाथनं तेही सांगितलं. माणूस चहा पिऊन निघून गेला, परत आला नाही. नंतर बद्रीनाथनं ती पुन्हा सोडवली, तुकडा शोधला, मिळाला नाही. आता तिचे भाग जिन्याखाली वेगवेगळ्या पोत्यांत आहेत.

गल्लीतली माणसं अजून कधी कधी काही घेऊन येतात. तो बघतो, वरवर काही करतो, चालू झालं की देऊन टाकतो. का बंद पडलं होतं ते सांगत नाही, आणि विचारायचं त्यांच्याही मनात येत नाही. आवडाबाईला हे बदललेलं वागणं दिसतं. ती एकदा म्हणाली, "आदी कसं उकलून उकलून पाहायचे." तो म्हणाला, "काय भेटतं पाहून?"

वर्षश्राद्धाला सगळे गावी जमले. पंगतीत राजकुमार बद्रीनाथच्या शेजारीच बसला होता. कुणीतरी पुंजारामचं नाव काढलं, त्याच्या गोड स्वभावाचं बोलणं निघालं, आणि राजकुमार उसासा टाकून म्हणाला, "दारूनं घात केला बिचाऱ्याचा." बद्रीनाथनं घास खाली ठेवला. पाण्याची वाट, वळण, तुकडा, सगळं त्याच्या जिभेवर होतं. समोरून दीपमाला वरणाचं भांडं घेऊन वाढत येत होती. तिनं ऐकलं होतं. ती राजकुमारपुढं थांबली, वाकली, त्याच्या भातावर वरण घातलं आणि पुढं सरकली. बद्रीनाथपुढं आली तेव्हा तिनं विचारलं, "दादा, अजून घालू?"

"घाल," तो म्हणाला.

यंदा धरण लवकर भरलं. शहरात लोक खूष झाले, नळाला आता तरी वेळेवर पाणी येईल असं म्हणू लागले. बद्रीनाथनं गावी फोन केला.

"पानी कितीक आलं?" त्यानं विचारलं.

"आलंय की. पल्याडची खोप दिसत नाय आता," दीपमाला म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. तिकडून चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला, ती म्हणाली ठेवते, आणि फोन बंद झाला.